आवाज आपला, मग हात परका का?

१४ जानेवारी जवळ आली की मराठवाड्याच्या रस्त्यांवर निळे झेंडे लावलेल्या गाड्या दिसू लागतात. १९९४ साली याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यासाठी आपल्या माणसांनी घरे जाळून घेतली, रक्त सांडले. म्हणून बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर असो की आणखी कोणते गाव, आंबेडकरी माणूस त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे नतमस्तक व्हायला निघतो. १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी अशा या वाटा ठरलेल्या आहेत. पूर्वी माणसे एसटीने, रेल्वेने, ट्रकने जात. आता वस्तीत दोन-चार चारचाकी गाड्या आल्या आहेत. बहुतेक जुन्या बाजारातल्या आणि हप्त्यावर घेतलेल्या, पण आपल्या नावावरच्या. त्या गाड्यांत भीमगीते वाजत असतात.

वाजतात, पण कळतात का? आमचा प्रश्न एवढाच आहे. गाडीच्या दारातून नुसती धडधड बाहेर येते. ढोलकी कुठली आणि हलगी कुठली ते समजत नाही. गायकाचा सूर ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की दाराचे प्लॅस्टिक थरथरते आणि उरलेसुरले शब्दही फाटतात. ज्या गाण्याने आपल्या अडाणी आयाबायांना पुणे करार समजावला, महाडचा सत्याग्रह समजावला, त्या गाण्यातला विचारच ऐकू येत नसेल तर उरले काय? नुसता गोंगाट!

यात गाण्याचा दोष नाही. दोष आहे दारात बसवलेल्या कंपनी फिटेड स्पीकरचा. गाडी बनवणारी कंपनी रंगावर, दिव्यांवर, पुढच्या जाळीवर खर्च करते, कारण ते शोरूममध्ये दिसते. दाराच्या आत काय आहे ते कोणी बघत नाही, म्हणून कमी किमतीच्या मॉडेलमध्ये तिथे हात आखडता घेतला जातो. पातळ कागदाचा कोन, लहानसे मॅग्नेट, प्लॅस्टिकचा सांगाडा. काही मॉडेलमध्ये तर स्पीकरच नसतात, नुसती भोके सोडलेली असतात. जुन्या गाडीत कागदाचा कोन ओल खाऊन मऊ पडतो, कडेला फाटतो. त्यातून माणसाचा आवाज स्वच्छ यावा तरी कसा?

थोडे शास्त्र समजून घेऊ. आपण बोलतो तेव्हा स्वरांची ताकद खालच्या आणि मधल्या पट्टीत असते. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. स, श, च, ट, थ या अक्षरांची धार वरच्या पट्टीत, सेकंदाला दोन हजार कंपनांच्या पुढे असते. एकाच कागदी कोनाच्या स्वस्त स्पीकरला ही वरची पट्टी नीट पेलत नाही. मग ‘संघटित’ शब्दातला ‘स’ गळतो, ‘शिका’मधला ‘श’ गळतो आणि मागे राहतो तो हुंकार. वरच्या पट्टीसाठी ट्विटर नावाचा छोटा वेगळा स्पीकर लागतो. हलगीचा कडकडाट, टाळेचा नाद आणि शाहिराच्या शब्दाची धार, हे सारे तोच देतो.

शब्दाचा एवढा आग्रह कशासाठी? आपल्या समाजाचा आणि आवाजाचा इतिहास आठवून पाहा. गावगाड्यात दवंडी द्यायचे काम कोणाच्या गळ्यात होते? निरोप्या म्हणून गावोगाव कोण पळत होता? मरणाची वार्ता घेऊन उन्हातान्हात कोणाला धाडले जात होते? आवाज आपला होता, पण त्यातला निरोप पाटलाचा होता, सरकारचा होता. आपल्या गळ्यातून हजारो वर्षे दुसरेच बोलत होते. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याला ‘मूकनायक’ हे नाव दिले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत हा विचार नेला आंबेडकरी जलशांनी. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी ढोलकी, डिमडी, तुणतुण्याच्या साथीने गावकुसाबाहेरच्या अंधारात उजेड नेला. वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) उभे आयुष्य त्यासाठी वेचले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी आपला खडा गळा भीमगीतांना दिला. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि ही गाणी झोपडीझोपडीत शिरली. आज ती मोबाइलमध्ये आहेत. साधन बदलले, पण गाभा तोच आहे. भीमगीत हे चालीवर बसवलेले भाषण आहे. भाषणातले शब्द ऐकू आले नाहीत तर सभा वाया जाते.

तेव्हा गाडीचे स्पीकर बदलावेत हे ओघाने आले. पण इथेच बाजार आपली वाट अडवून उभा असतो. आपला तरुण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो. दुकानदार त्याच्या गाडीकडे बघतो, गाडीवरच्या निळ्या झेंड्याकडे बघतो आणि खोक्यावर हजार वॅट लिहिलेला माल पुढे सरकवतो. ‘तुम्हाला तर जोरातच लागते ना!’ असे वर म्हणतो. आपल्याला फक्त दणदणाट हवा असतो, शब्दाशी आपले देणेघेणे नाही, हा समज त्या एका वाक्यात भरलेला असतो. पोरगा मुकाट्याने पैसे मोजतो. का? कारण खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नाही. पोथीतला मंत्र फक्त भटालाच कळतो असे सांगून जी लूट चालली, तिचीच ही नवी आवृत्ती आहे. फरक इतकाच की आता मंत्राच्या जागी वॅट आला आहे.

तो मंत्र आम्ही इथे उघडा करतो. खोक्यावर ठळक छापलेला ‘पीएमपीओ’ किंवा ‘पीक’ वॅटचा आकडा म्हणजे निव्वळ जाहिरात. बघायचा तो ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल ती ताकद. गाडीच्या स्टिरिओवर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेले असले तरी बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो प्रत्येक स्पीकरला खरे पंधरा ते वीस वॅटच देऊ शकतो. मग वेगळा अ‍ॅम्प्लिफायर न लावता मोठ्या वॅटचा स्पीकर घेऊन उपयोग काय? वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा आहे ‘सेन्सिटिव्हिटी’. तो डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. हा आकडा तीनने जास्त असेल तर निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज मिळतो. म्हणून साध्या स्टिरिओसाठी नव्वद किंवा त्याहून अधिक डेसिबलचा स्पीकर पाहावा. ओहमचा आकडा स्टिरिओला चालणारा, म्हणजे बहुतेक वेळा चार हवा. वूफर आणि ट्विटर एकाच सांगाड्यात असलेला ‘कोअ‍ॅक्सियल’ स्पीकर बसवायला सोपा. ट्विटर वेगळा असलेला ‘कंपोनंट’ संच अधिक सरस, पण कामही अधिक. पहिल्यांदा करणाऱ्याने कोअ‍ॅक्सियलच घ्यावा. चार दारांना पैसे पुरत नसतील तर आधी पुढची दोन दारे करावीत.

आता काम कसे करायचे? त्याआधी दोन गोष्टी मोजा. पहिली, भोकाचा व्यास. गाड्यांत चार, सव्वापाच, साडेसहा इंच असे वेगवेगळे माप असते. दुसरी, खोली. दाराची काच पूर्ण खाली केल्यावर स्पीकरचे मॅग्नेट तिला लागता कामा नये. लोक इथेच फसतात. स्पीकर बसतो, गाणे लागते आणि काच खाली केली की कडकन आवाज येतो.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. मग डोअर पॅड, म्हणजे दाराच्या आतील बाजूचे प्लॅस्टिकचे आवरण, काढायचे असते. हँडलच्या मागे, हात टेकायच्या जागी, खालच्या कप्प्यात स्क्रू लपलेले असतात. ते सगळे काढल्याशिवाय ओढू नये. काच हाताने फिरवायची असेल तर त्या हँडलमागे तारेची छोटी क्लिप असते. फडक्याची पट्टी हँडलच्या मागून घालून दोन्ही बाजूंनी मागेपुढे ओढली की ती क्लिप उडून येते. एक हात पुढे धरावा, नाहीतर ती शोधत बसावे लागते. पॅड कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेला असतो. लोखंडी पेचकसाने उचकटले तर रंग जातो आणि क्लिपा मोडतात. प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, खालून सुरुवात करावी, आणि क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलून काढावा. मागे काचेच्या बटणाच्या वायरी असतात, त्यांचे कपलर आधी सोडवावेत. पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नये. ते एअरबॅगचे असतात.

आत प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला दिसेल. तो फालतू समजून फाडू नका! पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरते आणि खालच्या भोकांतून बाहेर पडते. ते पाणी आत बसणाऱ्याच्या पायाशी येऊ नये म्हणून तो कागद असतो. काम झाल्यावर तो पुन्हा नीट चिकटवावा आणि दाराची खालची भोके कधीही बुजवू नयेत. जुना स्पीकर स्क्रूवर असेल तर सुटतो. रिव्हेटवर असेल तर रिव्हेट ड्रिलने सावकाश कापावे लागते आणि लोखंडाचा चुरा पुसून काढावा लागतो.

कंपनीची वायर कापू नये. त्या गाडीच्या मापाचा कपलर बाजारात मिळतो, तो वापरावा. वायर शाबूत राहिली तर उद्या मूळ स्पीकर परत लावता येतो, आणि नव्या गाडीच्या वॉरंटीवर कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. प्लस आणि मायनस ओळखायचा सोपा उपाय म्हणजे दीड व्होल्टचा साधा सेल. सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवले की कोन बाहेरच्या बाजूला सरकतो. आत गेला तर जोड उलटी आहे. दोन दारांपैकी एका दारात जोड उलटी झाली तर एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो. तपासायचे असेल तर एखाद्याचे भाषण लावा. आवाज दोन्ही दारांच्या मधोमध येत असेल तर जोड बरोबर, पसरट आणि पोकळ वाटत असेल तर चूक.

नवा स्पीकर भोकात बसत नसेल तर मधे रिंग लागते. ती प्लॅस्टिकची घ्यावी, लाकडाची पावसात फुगते. स्पीकर आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी लावावी म्हणजे हवा निसटत नाही. पैसे उरले तर दाराच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीटचे दोन-चार तुकडे चिकटवावेत. पत्र्याची थरथर कमी झाली की त्याच स्पीकरचा आवाज भरीव होतो. शेवटी पॅड बसवण्याआधी बॅटरी जोडून स्पीकर वाजवून पाहावेत आणि काच वरखाली करून बघावी. इतकेच काम! मोटर, गिअर, ब्रेक कशालाही हात लागत नाही. पहिल्या दाराला दुपार जाईल, दुसऱ्याला तासभर. पुढे कोणाला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा झाला तर एक नियम पाळावा. बॅटरीवरून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा, नाहीतर वायर घासून गाडी पेटू शकते. ते काम पहिल्यांदा जाणत्याच्या हाताखालीच करावे.

कोणी म्हणेल, चार पैसे देऊन दुकानदाराकडून करून घ्यावे, आपण कशाला हात काळे करायचे? बांधवांनो, हा प्रश्न पैशाचा नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांची वाटणी आहे. लोखंडाचे ज्ञान एकाच्या घरात, लाकडाचे दुसऱ्याच्या, अक्षराचे तिसऱ्याच्या. आपल्या वाट्याला काय ठेवले? ज्यात शिकण्यासारखे काही उरू दिले नाही अशी ओझी आणि घाण. हत्यारांपासून आपल्याला जसे दूर ठेवले तसेच अवजारांपासूनही दूर ठेवले. म्हणूनच बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांना तांत्रिक शिक्षण आणि सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी अशी मागणी केली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या वीज आणि पाणी धोरणाचा पाया घालत होते. आपला मुलगा वकील व्हावा तसा तो यंत्र जाणणाराही व्हावा, ही त्यांची दृष्टी होती. आपण पदवी उचलली आणि पाना खाली ठेवला. बीए, एमए होऊन घरी बसलेला तरुण आयटीआयच्या पोराकडे नाक मुरडून पाहतो तेव्हा त्याच्या डोक्यात कोण बोलत असते? हाताने काम करणारा हलका, ही मनूचीच शिकवण ना?

आणि ही यंत्रे नवी आहेत. स्पीकर, वायरिंग, मोबाइल, सोलर यांचे बलुते कोणा जातीच्या नावावर लिहिलेले नाही. जो पहिल्यांदा उघडून पाहील त्याचे हे ज्ञान. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यात तर हे फार मोलाचे आहे. कोयत्यातून सुटायचे तर हातात दुसरे अवजार हवे. ज्याने एका दाराचे स्पीकर बदलले तो उद्या सभेचा माइक लावील, विहाराचे वायरिंग करील, स्वतःचे दुकान टाकील. मुलींनाही यात बाजूला ठेवू नका. पेचकस धरायला मिशा लागत नाहीत.

काही कार्यकर्ते विचारतील, समाजापुढे डोंगराएवढे प्रश्न असताना हे चैनीचे विषय कशाला? त्यांना आम्ही महाडची आठवण देतो. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब तिथे जमलेल्या स्त्रियांशी बोलले ते लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकून द्यावेत यावर. रोजच्या वस्तूंत गुलामी दडलेली असते, ती तिथेच शोधावी लागते, हे त्यांना माहीत होते.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या गाण्याच्या आवाजावर या राज्यात माणसे मारली गेली आहेत. २०१५ साली शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनला बाबासाहेबांचे गाणे होते म्हणून आपल्या तरुणाचा जीव घेतला गेला. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून आणखी एक तरुण मारला गेला. म्हणून कोणी आम्हाला ‘आवाज कमी करा’ असे सांगायला येऊ नये. हे गाणे वाजणारच! पण आपण आपसात बोलताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जोर आणि जरब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना भीती वाटते ती शब्दांची, डेसिबलची नव्हे. ज्या डीजेच्या भिंतीसमोर शब्द ऐकूच येत नाहीत, तिथे आपण वर्गणीचा पैसा ओतून स्वतःचाच विचार बुडवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे. त्या नियमांचा बडगा कोणाच्या पाठीवर आधी पडतो ते आम्ही सांगायला नको. कानही आपलेच आहेत. ८५ डेसिबलमध्ये आठ तास हे सुरक्षिततेचे माप मानले जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. बंद गाडीत लहान लेकरे बसलेली असतात. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. चांगल्या स्पीकरचा खरा फायदा हाच, की कमी आवाजातही शब्द न् शब्द कळतो.

आमची सूचना साधी आहे. उमापूरपासून मुंबईपर्यंत जिथे जिथे बुद्धविहार आहे, तिथे पुस्तकांच्या कपाटाशेजारी अवजारांची एक पेटी ठेवा. पाने, पेचकस, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मल्टिमीटर, सोल्डरिंगचे साहित्य. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग तिच्यासाठी काढा. १४ एप्रिलच्या आधीच्या एखाद्या रविवारी विहाराच्या अंगणात एक गाडी उभी करा. वस्तीतल्या मुलामुलींना भोवती बसवा आणि त्यांच्याच हातांनी दार उघडू द्या. दुकानदार ज्याला गूढ म्हणत होता ते आत काय आहे? एक कागद, एक लोहचुंबक आणि दोन वायरी. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले पोर पुढे कोणत्याही बंद दाराला घाबरणार नाही.

शिका, हा बाबासाहेबांचा आदेश फक्त पुस्तकापुरता नव्हता. जयभीम!